चिंध्यांची विहीर

१

न्याहारीची भांडी विसळून झाली की इना अर्कर्ट आठवड्यातून दोनदा विहिरीवर जायची. हातांत रबरी मोजे, निखारे उचलायचा लांब चिमटा आणि काखोटीला खताच्या रिकाम्या गोण्या. तिचा धाकटा भाऊ हेक्टर शेगडीपाशी पाय पसरून बसलेला असायचा. तो न चुकता म्हणायचा, "निघाली बाई गावाची दुखणी गोळा करायला."

"तुझी जीभ कुणी तिथं टांगली असेल तर तीही घेऊन येते," असं म्हणून इना दार ओढून घ्यायची.

विहीर म्हणायची एवढंच. किल्डुअन गावाबाहेरच्या रानात, उतारावर, दगडांतून एक झरा पाझरतो. त्याचं पाणी एका झिजलेल्या दगडी कुंडात साठतं आणि पुढं ओहळ होऊन खाली खाडीकडे जातं. नाव संत कॉर्मकचं, पण संत यायच्या आधीपासून लोक इथं येत असणार हे गावात सगळेच धरून चालतात. आजारी माणसाच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडायची, ती पाण्यात बुडवायची, विहिरीला उजवी घालून फेऱ्या मारायच्या. मग त्या ओल्या चिंधीनं दुखरी जागा पुसायची आणि ती झाडाला बांधून मागं न बघता निघायचं. चिंधी कुजत जाते तसं दुखणं उतरत जातं. मात्र दुसऱ्याची चिंधी कुणी सोडली, तर त्यातलं दुखणं सोडणाऱ्याच्या मानगुटीवर बसतं.

लोकर आणि सुती कापड होतं तोवर सगळं ठीक चाललं होतं. पाऊस आणि शेवाळ मिळून वर्षा-दोन वर्षांत त्याची माती करायचे. आता लोक येतात ते मोटारीनं, आणि बांधून जातात नायलॉनचे मोजे, फुटबॉलचे शर्ट, पोरांची कापडी अस्वलं, एकदा तर कुणीतरी आख्खा पडदा. यातलं काहीच कुजत नाही. ओझ्यानं एक जुना भुर्जवृक्ष मोडला, कुंडात फांद्या पडल्या, पाणी तुंबलं. 'कुजणारंच कापड बांधा' अशी पाटी लावली, तर त्या पाटीलाच कुणीतरी मोजा बांधून गेलं.

जुनं काढणार कोण, हा प्रश्न गावसभेत निघाला तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. दर मे महिन्यात विहिरीवर गर्दी झाली की या खुळचटपणावर भाषण ठोकणारे शाळेचे मास्तरसुद्धा.

"मी काढते," इना म्हणाली. "या गावाचे फोड, गळवं आणि बाळंतपणं याच हातांनी निस्तरलीत मी. चिंधीला काय भ्यायचंय?"

खोटं नव्हतं ते. गावोगाव फिरणारी नर्स म्हणून तिची सगळी हयात गेली होती. तिला एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती विहिरीवर टांगलेली नव्हती. तिच्या आईला शेवटच्या वर्षांत भ्रम झाला होता. आई कात्री घेऊन घरभर फिरायची, पडदे कापायची, उशा कापायची, आणि इनाला म्हणायची, "नर्सबाई, माझी मुलगी कधी येणार हो?" तेव्हापासून चष्मा कुठं ठेवला हे आठवलं नाही की इना मनातल्या मनात आजचा वार आणि तारीख म्हणून बघायची.

२

फेब्रुवारी संपत आला तेव्हा कुंडाच्या वरच्या अंगाची झाडं साफ होऊन मोकळी झाली होती. त्या मोकळ्या फांदीवर एका सकाळी इनाला एक नवी चिंधी दिसली.

फ्लॅनेलची होती. फिक्या निळ्या फुलांची, वीतभर लांब, कडा सरळ कापलेल्या. अजून ठिबकत होती. चला, निदान एकानं तरी पाटी वाचली, असं वाटून इनाला बरंच वाटलं. तिनं चिमटा खाली ठेवला आणि चिंधीला हात न लावता बाकीचं काम उरकलं. वाटेवरच्या चिखलात मात्र तिच्या बुटांखेरीज कुणाचेच ठसे नव्हते. रात्री पाऊस झाला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. रात्री पाऊस झाला नव्हता.

शनिवारी ती इस्त्रीला बसली. गाऊन फळीवर पसरला आणि इस्त्री तशीच हातात राहिली. डाव्या बाजूला, काखेच्या खाली, गाऊनला एक वीतभर लांबीचं भोक पडलं होतं. फ्लॅनेल, फिकी निळी फुलं.

कसर असेल. कसर सरळ रेषेत खात नाही. उंदीर असेल. उंदीर कडा इतक्या नीट सोडत नाही. इनानं इस्त्री बंद केली, ती खरंच बंद झाली का ते पुन्हा एकदा पाहिलं, कोट चढवला आणि तडक विहिरीवर गेली. तिनं चिंधीची गाठ सोडली. घरी आणून तिनं चिंधी त्या भोकावर ठेवली. अर्ध्या फुलाला अर्धं फूल बरोबर येऊन मिळालं.

३

"हेक्टर, ही गंमत तुझी असेल तर आत्ताच सांग. मी हसते आणि विषय संपवते."

हेक्टरनं गाऊन हातात घेतला, चिंधी जुळवून बघितली. जन्मभर मासेमारी केलेला माणूस, जाळं तपासावं तसं तो कापड बोटांतून फिरवत राहिला. "मी कशाला तुझा गाऊन कापू? मला काय खुळ लागलंय?"

"मग कुणी कापला?"

त्यानं गाऊनची हलक्या हातानं घडी घातली. इनाच्या कानांना त्याच्या टोमण्यांची सवय होती, ही हळुवार घडी तिला सोसवेना. मग तो उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चहा टाकतो. तू बस जरा." याआधी हेक्टरनं आपणहून चहा टाकला होता तो आई गेली त्या दिवशी.

संध्याकाळी बटण लावायला म्हणून इनानं शिवणाचा डबा उघडला. त्यात कात्री नव्हती. ती कुणी उचलली हे तिला कळलं, आणि का उचलली हेही. तिनं बटण लावलं आणि दोरा दातांनी तोडला.

४

पुढच्या आठवड्यात फांदीवर लोकरीची पांढरी पट्टी होती. घरी येऊन इनानं दोरीवर वाळत घातलेली आपली लोकरी बनियन पाहिली. डावी बाजू, काखेच्या खाली. त्याच दोरीवर तिचा नायलॉनचा परकर होता आणि त्याला धक्काही लागला नव्हता. ज्या कुणाचं हे काम होतं, त्याला कुजणारं कापड ओळखता येत होतं.

शेजारची मर्डिना घरी भाजलेले स्कोन, छोटे गोडसर पाव, घेऊन आली होती. तिला न सांगून चालण्यासारखं नव्हतं, कारण न सांगितलेलं तिला आधी कळायचं.

"मी म्हटलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून?" मर्डिना म्हणाली. "लोकांची दुखणी म्हणजे काय पिकली सफरचंदं आहेत, पोत्यात भरून न्यायला?"

"तू तर चर्चची बाई. तुझा कशावर विश्वास आहे, ते एकदा ठरव."

"विश्वास नाही माझा. भीती आहे. ते वेगळं." मर्डिनानं स्कोनवर लोणी थापलं. "आमच्याच घराण्यातली मॅगी म्हणून एक होती, फार फार मागं. मे महिन्यात या विहिरीवर गेली म्हणून पाद्र्यांनी तिला गोणपाट नेसवून भर चर्चमध्ये स्टुलावर उभं केलं. सगळ्या गावासमोर. पुढच्या मे महिन्यात बाई पुन्हा हजर. आजारी माणसं तिच्याकडे यायची आणि ती त्यांच्या चिंध्या बांधायची. म्हणायची, उभी करा मला हवं तितकं, माझे पाय मजबूत आहेत."

"मग? तिला काय झालं?"

"म्हातारी होऊन मेली. पाद्रीच आधी गेला." मर्डिना हसली, पण लगेच गंभीर झाली. "डॉक्टरकडे जा गं, इना."

इनाला ते नको होतं. डॉक्टर काय विचारतो ते तिला पाठ होतं. आजचा वार कुठला, घड्याळ काढून दाखवा, मी सांगतो ते शब्द लक्षात ठेवा. आईला तिनंच नेलं होतं आणि आईनं काढलेलं ते घड्याळ अजून तिच्या डोळ्यांसमोर होतं, सगळे आकडे एका बाजूला घसरलेले. एकदा का कागदावर दुखण्याचं नाव लागलं की माणूस माणूस राहत नाही. हेक्टरची इना संपेल आणि हेक्टरला सांभाळावी लागणारी कुणीतरी उरेल. मनात आत कुठंतरी ती सारखी एकच गोष्ट मागत होती. दुसरं काहीही होऊ दे, पण हे नको.

आणि तरी तिचं नर्सचं डोकं हटून बसलं होतं. भ्रमिष्ट माणूस कापतो खरा, पण कसाही कापतो. आईनं कापलेल्या पडद्यांची लक्तरं झाली होती. कात्री हेक्टरच्या कपाटात कुलपात आहे. मग या सरळ कडा कुणाच्या?

५

तिनं हेक्टरशी सौदा केला. "उद्या दुपारी तू माझ्या खोलीत कपड्यांवर पहारा करायचा. मी विहिरीवर बसते. काही घडलं नाही, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. कुरकुर करणार नाही."

"कुरकुरीशिवाय तू? डॉक्टर तिथंच सही करून देईल." पण तो खुर्ची घेऊन कपाटासमोर बसला, मांडीवर चहाचा मग आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचा आव.

थंडी होती. इनानं आईनं विणलेला हिरवा बटणांचा स्वेटर घातला, त्यावर कोट, कोटाची बटणं गळ्यापर्यंत. खाडीवरून धुकं चढत होतं. ती मोडक्या भुर्जाच्या बुंध्यावर बसली. तिथून कुंड सरळ समोर दिसायचं. थेंब पडत होते, ओहळ वाहत होता, वरच्या रस्त्यावरून मधूनच एखादी मोटार जायची. उरलेल्या चिंध्या ओल्या होऊन जड लटकल्या होत्या. आपण म्हातारपणी काय हे पोरखेळ मांडलेत, असं वाटून तिला हसूही आलं.

मग पाण्याचा आवाज थांबला.

ओहळ तर वाहताना दिसत होता. पाणी दगडावरून घरंगळत होतं, फक्त आवाज नव्हता. इनानं कानात बोट घालून हलवलं. त्या शांततेत तिला दुसरंच काहीतरी ऐकू आलं. ओल्या मातीवर अनवाणी पावलं पडत होती, सावकाश, अजिबात घाई नसलेली.

कुंडाच्या पलीकडून एक बाई उजवी घालून चालत आली. तिचं तोंड दुसरीकडे वळलेलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत ओले, कमरेला गोणपाटासारखं काहीतरी खरखरीत, करड्या रंगाचं गुंडाळलेलं. वर हिरवा बटणांचा स्वेटर. कोपरावरची रफूसुद्धा तीच, इनानंच गेल्या हिवाळ्यात चुकीच्या हिरव्यानं केलेली.

इना बुंध्यावरून उठून उभी राहिली. ती बाई आणखी एक फेरी करून आली, थांबली, वाकली. पाण्यातून काहीतरी वर काढून पिळलं. मग डावा हात डोक्यावर उचलला आणि ती ओली चिंधी आपल्या काखेखाली, बरगड्यांच्या वरच्या अंगाला, हलक्या हातानं पुसली. एकदा, पुन्हा, पुन्हा त्याच जागी. शिकाऊ मुलीला समजेपर्यंत दाखवत राहावं तशी. इनानं अशा कितीतरी मुलींना शिकवलं होतं, म्हणून तिला ते ओळखू आलं.

मान किंचित वळली. ओले केस, गालाची कड, यापलीकडे काही दिसलं नाही. धुकं मध्ये आलं आणि पाण्याचा खळखळाट एकदम परत सुरू झाला.

६

कोटाच्या आत तिला गार लागत होतं. धुक्याचा तो गारवा नव्हता. एकाच जागी, डाव्या काखेखाली, ओलं फडकं ठेवल्यासारखा होता.

इनानं कोटाची बटणं काढली. सगळी लावलेलीच होती. आत हिरव्या स्वेटरला वीतभर भोक पडलं होतं. विणलेला स्वेटर, कापला की उसवत जायला हवा, पण एकही टाका सुटला नव्हता. आतला ब्लाउज भिजून अंगाला चिकटला होता. आणि समोर फांदीवर हिरवी पट्टी ठिबकत होती.

हात तरी तिचे स्वतःचे होते. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावरून फिरलेले हात. तीन बोटं चपटी ठेवून तिनं ती ओली जागा दाबली, जरा खाली, जरा आत, गोल फिरवून. सत्तरी उलटल्यावर दवाखान्याकडून येणारी छातीच्या तपासणीची बोलावणी बंद झाली होती आणि तिनंही सुटले म्हणून सोडून दिलं होतं. साऱ्या गावाच्या बायकांना दटावणाऱ्या या बाईनं स्वतःच्या अंगाला कधीपासून हात लावला नव्हता कुणास ठाऊक.

ते तिथं होतं. वाटाण्याएवढं. टणक, हलवलं तरी न हलणारं.

इना बुंध्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. कुणी पाहिलं असतं तर खात्रीनं म्हणालं असतं, हिचं डोकं फिरलं. पण डोकं फिरलं नव्हतं, हेच तर! तिचं डोकं शाबूत होतं. आयुष्यात तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि तेही छातीत गाठ सापडल्यावर. तिची तिलाच लाज वाटली आणि लाज वाटूनही आनंद कमी झाला नाही.

ती घरी आली तेव्हा हेक्टर खुर्चीतच होता. "एक सुतळीसुद्धा हलली नाही इथं," तो म्हणाला आणि तिच्या स्वेटरकडे बघून त्याच्या हातातला मग कलंडला.

"फोन लाव डॉक्टरला," इना म्हणाली. "डोक्यासाठी नाही. गाठ आहे."

७

डॉक्टरीण तरुण होती आणि घाई करत नव्हती. गाठ लहान आहे, वेळेवर सापडली, काढून टाकू, असं तिनं स्वच्छ सांगितलं. "गेल्या काही दिवसांतली नाही ही. वर्षभर तरी असेल." हे ऐकून सोबत आलेल्या मर्डिनानं मोठा श्वास सोडला. चिंध्यांतून आलेली नाही म्हणजे! मग इनानंच हट्ट धरला, डोक्याचीही तपासणी करा. डॉक्टरणीनं घड्याळ काढायला सांगितलं.

"किती वाजलेलं काढू?" इनानं विचारलं. "चहाची वेळ चालेल?"

ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ निघाल्या, मागं काही उरलं नव्हतं. 'कडा' हा शब्द डॉक्टरणीनं वापरला तेव्हा इनाला गाऊनच्या सरळ कडा आठवल्या. हेक्टरनं कात्री तिच्या डब्यात गुपचूप परत ठेवली आणि त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. त्याचा जीव भांड्यात पडला होता, हे मात्र लगेच कळलं, कारण त्याचे टोमणे पुन्हा सुरू झाले.

मे महिन्यात इना प्रथमच पुन्हा विहिरीवर गेली. हातात चिमटा नव्हता, गोण्या नव्हत्या. कुंड भरून वाहत होतं. लोकरीच्या पट्टीचं काहीच उरलं नव्हतं. हिरव्या पट्टीचा एक शेवाळलेला दोरा तेवढा गाठीत अडकला होता. एवढ्या थोड्या दिवसांत लोकर कुजत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं बोट लावलं तर तो दोराही गळून पडला.

मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, जन्मभर या सगळ्याला हसलेली इना अर्कर्ट विहिरीला उजवी घालून फिरली. शेवटच्या फेरीला ती हलकेच म्हणाली, "उपकार झाले बाई." पाण्याचा आवाज तसाच चालू होता.

निघताना तिला खालच्या फांदीवर एक चिंधी दिसली. ओली, नवी. लाल चौकडीची, जाडसर, दुहेरी कापडाची. कॉलरचा मागचा तुकडा होता तो. झिजलेली कॉलर इनानंच उसवून उलटी बसवली होती आणि लाल दोरा संपला म्हणून निळ्यानं शिवली होती. निळे टाके समोर दिसत होते.

तिनं चिंधीला हात लावला नाही. पाय पक्के होते. एवढ्या वयात ती ज्या वेगानं उतार चढली, तो पाहून तिच्या डॉक्टरणीनं कपाळाला हात लावला असता.

हेक्टर शेगडीपाशी पाय पसरून बसला होता. अंगात लाल चौकडीचा शर्ट.

"काय गं, यावेळी रिकाम्या हातांनी? सगळी दुखणी संपली वाटतं?"

"खाली बघ," इना म्हणाली.

"का? काय केलं मी?"

"काही नाही केलंस. हनुवटी छातीला लाव. अशी. हलू नकोस."

जन्मभर होडीत उन्हाला पाठ देऊन बसलेल्या त्या मानेवर, कापलेल्या कॉलरच्या अगदी आत, एक वेड्यावाकड्या कडांचा काळपट तीळ होता. इनानं खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला, चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. लहान होता अजून. अगदी लहान.

"हात गार आहेत तुझे," हेक्टर कुरकुरला.

"असू देत," इना म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं आणि रडूही. "बूट घाल. मोटार काढ. आपण वेळेवर आहोत."